घरी सांगून या

काकाजींकडे सल्ला मागायला गेलं की ते सल्ला देत नसत. चष्मा कपाळावर सरकवत आणि विचारत, "घरी सांगतलं काय?" समोरचा नाही म्हणाला तर "मंग घरी सांगून या" एवढंच म्हणत. चष्मा पुन्हा डोळ्यांवर येई आणि ते वर्तमानपत्र उचलत. म्हणजे भेट संपली. समोरचा हो म्हणाला तर "घरची काय म्हणाली?" हा पुढचा प्रश्न येई, आणि त्याचं उत्तर ऐकताना ते जितके सावध होऊन बसत, तितके ताळेबंद वाचतानाही बसत नसत.

काकाजी आमच्या कंपनीचे सल्लागार होते. कंपनी म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या करडी आणि आसपासच्या गावांतल्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली. भागधारक शेतकरी आणि संचालकही शेतकरीच, अपवाद फक्त माझा. चिन्नोर हे सुवासिक धान विकत घ्यायचं, तुमसरच्या एका मिलमधून भरडून आणायचं आणि गावाचं नाव छापलेल्या पिशव्यांतून तांदूळ नागपूरच्या दुकानांत पाठवायचा, एवढा आमचा व्यवसाय. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. सभांचं इतिवृत्त नीट लिहायला कोणी तरी हवं म्हणून मला मंडळात घेतलं होतं. काकाजी मूळचे करडीचेच, पण त्यांची सारी नोकरी मुंबईत, एका मोठ्या कंपनीचे सचिव म्हणून झाली. बड्या संचालकांना काय करावं, आणि त्याहून अधिक काय करू नये, हे ते तिथे इंग्रजीत सांगत. निवृत्त होऊन गावी आले आणि तेच काम इकडच्या झाडीबोलीत करू लागले. मानधन घेत नसत. सभेला सर्वांच्या आधी येत, आणि चैत्रातसुद्धा अंगात बिनबाह्यांचा स्वेटर असे.

मुंबईत जे निर्णय पुढे अंगाशी आले ते सगळे घरी न सांगितलेले होते, असं त्यांचं म्हणणं. ठराव घरी सांगायचा म्हणजे आधी तो साध्या भाषेत सांगावा लागतो, आणि सांगताना जिथे जीभ अडखळते तिथेच काही तरी गडबड असते. आम्हाला आरंभी ही त्यांची लहर वाटे. मग रंगानुसार दाणे वेचणारं मशीन घ्यायची गोष्ट निघाली. कर्ज मिळत होतं, विक्रेता गोड बोलत होता, आम्ही सगळे तयार होतो. काकाजींनी सगळ्यांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी परसराम हा आमचा सर्वांत थट्टेखोर संचालक पडल्या चेहऱ्याने आला. त्याच्या बायकोने एकच विचारलं होतं, की होळीनंतर ते मशीन काय करणार. धान संपल्यावर त्याच्यावर कोंबड्या बसवणार काय, असंही ती म्हणाली होती. हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. आम्ही मशीन घेतलं नाही. हंगामापुरतं काम तुमसरला भाड्याने करून घेतलं. त्या दिवसापासून परसराम तिला "आमच्या घरच्या सीए" म्हणू लागला.

लाखांदूरला दुसरं खरेदी केंद्र काढावं असं अध्यक्षांच्या मनात आलं, तेव्हाही काकाजींनी विरोध केला नाही. सगळ्यांनी एसटीने लाखांदूरला जाऊन काम पाहावं आणि त्याच दिवशी परत यावं, एवढीच त्यांची अट होती. आम्ही सकाळी निघालो. गाड्या बदलत पोचलो तोवर ज्यांना भेटायचं होतं ते जेवून झोपले होते. त्यांना उठवून जेमतेम बोललो तोच शेवटची गाडी चुकण्याची भीती. काकाजी आमच्याबरोबर आले होते. परतीच्या वाटेवर खिडकीपाशी बसून त्यांनी शांतपणे शेंगा खाल्ल्या, आणि करडीला उतरल्यावर अध्यक्षांना विचारलं, "उद्या परत जाचं काय, भाऊ?" अध्यक्षांनी हात जोडले. तो विषय पुन्हा कधी कार्यसूचीवर आला नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरी काकींना ऐकू कमी येई. त्यामुळे काकाजी घरी सांगत ते आख्ख्या गल्लीला कळे. यंदा भाव काय देणार, कोणता दुकानदार पैसे थकवतो, हे सगळं ते ओसरीवर बसून काकींना मोठ्याने समजावत, आणि समोरची बाई तांदूळ निवडता निवडता मान डोलावी. मंडळाच्या कामकाजाची गुप्तता पाळायची असते, असं मी एकदा भीत भीत म्हणालो. ते हसले. म्हणाले, "गुरुजी, गल्लीनं ऐकलं म्हणून जे काम बुडते, ते काम आपण करू नये."

या माणसाची खरी गरज आम्हाला कधी लागली, ते आता सांगतो.

खरेदीच्या दिवशी प्रत्येक पोतं उघडून मूठभर धान तळहातावर चोळायचं, फुंकर घालून तूस उडवायचं आणि दाण्याचा वास घ्यायचा, अशी आमची रीत. चिन्नोर असेल तर लगेच कळतं, नसेल तर ते पोतं साध्या धानाच्या भावात वेगळं घ्यायचं. गेल्या वर्षी त्या दिवशी बपेऱ्याहून आमच्या अध्यक्षांचे व्याही, इकडच्या बोलीत इवाई, धान घेऊन आले. अध्यक्ष देवचंदभाऊ. त्यांची एकुलती मुलगी त्या घरात दिलेली. आता मुलीच्या सासऱ्याचं पोतं चारचौघांत उघडून हुंगायचं कोणी? देवचंदभाऊंनी व्याह्यांना खुर्चीवर बसवलं, चहा-आलुपोहे मागवले, मुलीची खुशाली विचारली. तोवर पोती मोजून आत गेली. कोणी सांगितलं नाही आणि कोणी अडवलंही नाही.

संक्रांतीनंतर नागपूरच्या एका दुकानदाराचा मला फोन आला. घरी पाहुणे जेवायला होते म्हणून एका आजीबाईंनी मुद्दाम आमचा तांदूळ नेला होता. भात झाला, पण सुवास नव्हता. मग दुसऱ्या दुकानातून फोन आला, मग तिसऱ्या. आम्ही त्याच लॉटची पिशवी मागवली आणि कार्यालयात गॅसवर भात लावला. झाकण काढलं. सगळे वाकले. परसराम म्हणाला, "वास येऊन राहिला ना. गॅसचा." एरवी सगळे हसले असते, या वेळी कोणी हसलं नाही. पिशवीवरच्या लॉटच्या क्रमांकावरून धान कोणाचं हे कळत होतं, आणि ते कळल्यावर सगळ्यांनी छताकडे, पंख्याकडे पाहायला सुरुवात केली.

सभा बसली. एकाने सुचवलं, गप्प राहू, लोक खाऊन टाकतील. दुसऱ्याने सुचवलं, मिलमध्ये मिसळला असं सांगू. काकाजींनी दोघांचं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले की गप्प राहिलो तर आजीबाई गप्प राहणार नाही. तिच्या पाहुण्यांच्या गावापर्यंत आपलं नाव जाईल, आणि ते पिशवीवर आपणच छापलेलं आहे. मिलवाल्यावर ढकललं तर तो आज ऐकून घेईल, पण पुढच्या वर्षी आपलं धान भरडणार नाही. लॉट परत घ्यावा, पैसे द्यावेत आणि तसं दुकानांत लेखी लावावं, हे त्यांचं मत. वर्षाचा नफा त्यात जाणार होता. तरी हळूहळू सगळे कबूल झाले.

देवचंदभाऊ मात्र शेवटी म्हणाले, "परत घ्या जी. पण वार्षिक सभेत लोक विचारतीन, कोनाचं धान होतं. माही पोरगी आहे त्या घरी. उद्या तिचा सासरा मान खाली घालून बसला, तं त्याचा राग निघन कोनावर?"

काकाजींनी चष्मा कपाळावर नेला.

"काकाजी, तिले काय सांगू?" देवचंदभाऊ आधीच म्हणाले. "तिच्या पोरीच्या सासऱ्याची गोष्ट आहे."

"म्हणून तं आधी तिले सांगाचं," काकाजी म्हणाले आणि वर्तमानपत्र उचललं.

पुढचं देवचंदभाऊंनीच आम्हाला सांगितलं. ते जेवायला बसले आणि ताट तसंच सोडून उठायला लागले. त्यांच्या बायकोने, सुमनवहिनींनी, विचारलं तेव्हा सगळं बोलून गेले. वहिनी म्हणाल्या की व्याह्यांनी घरीही त्याच तांदळाची थैली भेट म्हणून पाठवली होती, आणि आपणही ती हुंगली नव्हती. भेट आलेल्या वस्तूचा वास काय घ्यायचा, असं त्यांना वाटलं होतं. भात फिका लागला तेव्हा त्यांनी स्वतःच्या सर्दीला दोष दिला होता. "मंग तुमाले काय बोलू," त्या म्हणाल्या. "इहिनीशी मीच बोलीन."

वहिनींनी विहिणीला फोन लावला. आडवळण न घेता सांगितलं. पलीकडून रडणं नाही, भांडण नाही. विहीणबाई म्हणाल्या, "धान घरी आलं तवापासून मी या माणसाले सांगून राहिली, का बी दुसरंच निघालं. ऐकते कोन? म्हणते, तुह्या नाकाले काय समजते." दोघी हसल्या. व्याह्यांनी फसवलं नव्हतं. बियाणंच भेसळीचं मिळालं होतं, आणि ते त्यांना स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं.

दुकानांत लावायचं पत्र मी लिहिलं. त्यात "नजरचुकीने" असा शब्द घातला होता. काकाजींनी त्यावर बोट ठेवलं. म्हणाले, "नजरचूक व्हायले नजर तं टाका लागते, गुरुजी. आपण पाह्यलंच नाही. तसं लिहा." मी तसं लिहिलं. धान कोणाचं, हे पत्रात कुठेही नव्हतं. वार्षिक सभेत भागधारक तापले, तेव्हा देवचंदभाऊ उभे राहिले आणि म्हणाले, "पाह्यलं नाही. मीच पाहू देलं नाही." नाव सर्वांना ठाऊक होतं, पण त्यानंतर कोणी विचारलं नाही. त्याच सभेत काकाजींनी नवी रीत सुचवली. खरेदीच्या दिवशी पहिलं पोतं अध्यक्षांचं उघडायचं, सर्वांसमोर. नंतर कोणाचंही उघडलं तरी तो अपमान राहत नाही.

एवढं होऊनही बपेऱ्याच्या व्याह्यांच्या मनात काटा राहिला. ते कोणाला काही बोलले नाहीत. फक्त सुनेला माहेरी पाठवायचं नाव काढेनात. ती होळीला आली नाही, राखीलाही आली नाही. विहीणबाई फोनवर धीर देत, पण त्यांचंही त्या बाबतीत चालेना. देवचंदभाऊंनी काकाजींना विचारलं, आता काय करू. काकाजी म्हणाले की आता काही करायचं नाही. माणसाला परत यायला वाट ठेवली आहे, ती बुजवू नका, एवढंच.

काकाजी दसऱ्याच्या आसपास गेले. सकाळी अंघोळ करून ओसरीवर बसले आणि बसल्या जागी गेले. मी भेटायला गेलो तेव्हा काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या. काय बोलावं हे मला एरवीही लवकर सुचत नाही, आणि तिथे तर ते मोठ्याने बोलावं लागणार होतं. काकीच बोलल्या. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी हृदयाचं दुखणं सांगितलं होतं, कागद स्वेटरच्या खाली ठेवलेले आता सापडले. जगाला घरी सांगायला पाठवणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरी सांगितलं नव्हतं. मी काही म्हणणार तोच काकी म्हणाल्या, "मले सांगाचं तं गल्लीले सांगा लागलं असतं. म्हणून नाही सांगतलं त्यानं." आणि त्या हसल्या. डोळे पुसत पुसत हसल्या. समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी होती, तीही हसली. एखाद्या मयताच्या घरी मी इतका मोकळा कधी झालो नव्हतो.

सल्लागार म्हणून दुसरं कोणी नेमायचं का, हा विषय मी दोन सभांच्या कार्यसूचीवर लिहिला. दोन्ही वेळा त्याच्यापर्यंत पोचायच्या आत सभा संपली.

मग यंदाची खरेदी आली. काकाजींशिवायची पहिली. ठरल्याप्रमाणे देवचंदभाऊंचं पोतं आधी उघडलं. परसरामने धान चोळून भल्या मोठ्या आवाजात वास घेतला आणि "पास" म्हणून जाहीर केलं. लोक हसत असतानाच फाटकातून ट्रॅक्टर आत आला. बपेऱ्याचे व्याही. देवचंदभाऊ पुढे झाले, खुर्ची ओढली. व्याही बसले नाहीत. त्यांनी स्वतः पोत्याची शिवण उसवली, मूठभर धान काढलं, चोळलं, फुंकलं आणि हात परसरामपुढे धरला.

परसरामने वास घेतला. पुन्हा घेतला. त्याच्या चेहऱ्यावरून आम्हाला कळलं. या वर्षीही त्यात चिन्नोर पुरतं उतरलं नव्हतं. बांधापलीकडच्या शेतातलं असेल, खळ्यावर मिसळलं असेल, काही असेल.

परसरामने देवचंदभाऊंकडे पाहिलं. देवचंदभाऊ मान खाली घालून उभे होते, पण नको असं त्यांनी खुणावलं नाही.

"नाही जी, मामाजी," परसराम व्याह्यांना हळू म्हणाला. "हे साध्यातच जाईन."

व्याह्यांनी तळहातावरचे दाणे एकदा स्वतःच्या नाकाशी नेले, थांबले, आणि पोत्यात परत टाकले.

"मंग साध्यात घ्या," ते म्हणाले. हात झटकून देवचंदभाऊंकडे वळले. "इवाई, पोरगी सोमवारच्या गाडीनं येऊन राहिली. घ्यायले स्टँडवर जा."