घरात माय, बाहेर मावशी

तुमच्या गावात एका चुलीवर संसार करणाऱ्या दोन बाया होत्या का? असणारच. मग सांगा, त्यांना तुम्ही काय म्हणत होतात? मैत्रिणी? मानलेल्या बहिणी? की त्यांच्या नात्याला नाव द्यायची वेळच तुम्ही येऊ दिली नाही?

आमच्या घरात अशा दोघी होत्या आणि मी त्यांची मुलगी. एक आई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नवऱ्याने हाकलून दिल्यावर मला कडेवर घेऊन आखाडा बाळापूरला बदलून आलेली. दुसरी माय. बाजाराच्या रस्त्यावर तिची पिठाची गिरणी होती. गिरणीमागच्या खोलीत आई भाडेकरू म्हणून आली आणि वर्षाच्या आत ती भाडेकरू राहिली नाही.

मायला हळू बोलताच येत नसे. गिरणीच्या आवाजावर ओरडून तिचा गळाच तसा झाला होता. आई ओठांवर बोट ठेवायची, "अगं, रस्त्यावर ऐकू जातंय." त्यावर माय आणखी मोठ्याने, "जाऊ दे की! भाजीत मीठ कमी हाय एवढंच म्हनून राहिले ना?" एकदा एका गिऱ्हाइकाने तिला टोकलं, "बाई, नवरा न्हाई, लेकरू न्हाई, कोनासाठी मरमर करून राहिली?" माय म्हणाली, "मास्तरीन हाय, पोरगी हाय. तुज्याच घरात मानसं राह्यतेत का? दळन उचल."

शाळेत पालकांना बोलावलं की आईच्या आधी मायच हजर. हेडमास्तरांनी विचारलं, "आपण मुलीच्या कोण?" ती म्हणाली, "हिची येनी सकाळी म्या घातली सर. आता नातं तुमीच लावा."

पण नियम आईने घालून दिला होता. घरात माय, बाहेर मावशी. नोकरीची भीती होती, माझ्या बापाच्या माणसांची भीती होती. मायने तो नियम पाळला, मात्र हसून टोमणा मारल्याशिवाय नाही. "म्हंजे उंबरा वलांडला की माझं नातं खुंटीला टांगायचं, व्हय?"

लाईट गेली की आमच्या घरी सण असायचा. गिरणी बंद पडायची, माय तोंड धुऊन यायची आणि आईकडे पाठ करून बसायची. आई फणीने तिच्या केसांतलं पीठ काढायची. मी शेजारी बसून अभ्यास करायचे. प्रेम म्हणजे काय, हे मला वेगळं शिकावं लागलं नाही.

वाचायला मात्र मी पत्रकांवर शिकले. आई तिच्या संघटनेच्या सभांमधून गठ्ठेच्या गठ्ठे आणायची. हुंडा, बुवाबाजी, जात, दारू. पोत्यावर उभी राहून मी ती गिऱ्हाइकांना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि माझं वाचन संपेपर्यंत माय गिरणी सुरू करत नसे. "थांबा जरा, लेकराचं होऊ द्या," म्हणायची. पुढे औरंगाबादला कॉलेजात असताना एका पुस्तिकेत मला आमच्या घरासाठीचा शब्द सापडला. सुट्टीत मी तो तिला वाचून दाखवला. समलिंगी. ती म्हणाली, "लईच जड नाव काढलं गं. आमी तर नुसतं राहून राहिलो." मग पुस्तिका उलटीपालटी करून, "तुज्या त्या सभेच्या कागदात समद्याईचं लिव्हलेलं असते. आमचं काहून न्हाई?"

मी म्हणाले, लिहू. मी तेव्हा हिंगोलीपर्यंत भाषणं ठोकत होते.

आई अचानक गेली. गावातल्या विहारात शोकसभा ठेवली. सूत्रसंचालन मीच केलं, कारण आईच्या सभेत रडत बसायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पुढे सतरंजीवर नातेवाईक होते. माय मागे, बायांमध्ये, भिंतीला टेकून बसली होती. मी माईक मामाला दिला. तो कित्येक वर्षांत आमच्या दारी आला नव्हता. संघटनेच्या ज्येष्ठांना दिला. आणि बापालाही दिला, "त्यांचे पती" म्हणून. ज्याने तिला हाकललं, तो तिच्या सोशिकपणावर बोलला.

तेव्हा माय उठली. पदर खोचून बायांमधून वाट काढत पुढे येऊ लागली. मी पाहिलं. ती काय बोलेल, बापाचे भाऊबंद काय म्हणतील, ज्येष्ठ काय म्हणतील, चळवळीला बोल लागेल, हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. मी माईक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "वेळेअभावी आपण इथेच थांबू. सर्वांनी दोन मिनिटं उभं राहून आदरांजली वाहावी."

सगळा विहार उभा राहिला. एकटी उभी असलेली माय त्या गर्दीत दिसेनाशी झाली.

घरी ती एवढंच म्हणाली, "थोडंसंच बोलायचं व्हतं. जाऊ दे, उशीर व्हत व्हता तुज्या सभेला." पुढे मी पुन्हा पुन्हा विचारलं, काय बोलणार होतीस? "त्ये त्या दिवसाचं व्हतं लेकरा," म्हणायची. गिरणी विकून ती साखऱ्याला भावाकडे गेली. मी जायचे, ती भाकरी करून घालायची. रागावली असती तर बरं झालं असतं.

ती गेल्याचं मला चार दिवसांनी कळलं. तिच्या भावाचा फोन आला. बिचारा नम्रपणे बोलत होता, "ताई, तुमच्या आईची मैत्रीण व्हती म्हनून तुमाला कळवलं."

त्याची चूक नव्हती. भर सभेत मायला बोलू न देऊन मी स्वतः ज्यावर शिक्का मारला, तेच 'मैत्रिणी'चं नातं त्याने मला परत केलं होतं.

मला माफी नको. माफी देणारी आता नाही. पण तुम्ही पुढच्या कुठल्याही शोकसभेला जाल, तेव्हा एक करा. भाषणं सुरू होण्याआधी मागे वळून पाहा. गेलेल्या माणसाबरोबर आयुष्य काढलेलं, पण पत्रिकेत, फलकावर, सतरंजीवर जागा नसलेलं कुणी तिथे बसलेलं असेल. त्याला हाताला धरून पुढे आणा आणि पहिल्यांदा बोलू द्या. नातं विचारू नका.