टाकीला लावलेला साबण

गाडी वडिलांची, जुनी. गल्लीत येत नाही म्हणून काशीतल्या मैदागिन चौकाच्या बाजूला एका आवारात उभी असते. धाकटा भाऊ भिक्षुकी करतो, तिच्यातून यात्रेला आलेल्या यजमानांची ने-आण करतो: स्टेशन, सारनाथ, प्रयाग. मी बँकेत. रविवारी कधीतरी चालवायला घेतो.

अशाच एका रविवारी बँकेतल्या साहेबांना फिरवून आणताना रस्त्याकडेच्या दगडावरून गाडी गेली आणि खालून खरडल्याचा आवाज आला. घरी मी ते कुणाला सांगितलं नाही. मग पेट्रोल लवकर संपू लागलं. खरं तर मला तेव्हाच समजायला हवं होतं. मी मात्र जेवताना आईसमोर भावाला म्हणालो, "यजमानांच्या नावाखाली कुठे कुठे भटकतोस रे?" त्यानं कालवलेला भात संपवला आणि ताट उचललं. दुसऱ्या दिवसापासून तो आल्या आल्या किल्ली आईच्या देवघरात ठेवू लागला. आईनंही ठेवून घेतली.

पुढच्या रविवारी मी गाडीखाली वाकलो. टाकीच्या शिवणीजवळ ओल होती. हाताला पेट्रोलचा वास. कुणाला सांगण्याऐवजी मी कपड्यांच्या साबणाची वडी आणून तिथं चोळली. गळती थांबली. साबण वाळून पडला की पुन्हा चोळायचा, असं मी चोरून करत राहिलो.

अडचण उदबत्तीची होती. यजमान बसले की भाऊ गाडीत गणपतीपुढं उदबत्ती लावतो, त्याशिवाय गाडी हलत नाही. मी गाडीतली माचिस उचलून खिशात घातली. एवढीच माझी खबरदारी.

त्या सकाळी नाशिकचं एक कुटुंब प्रयागला निघालं होतं. आजी मागे बसल्या होत्या. मी साबण लावायला लवकर आलो, तर भाऊ माझ्याही आधी हजर. खाली थेंब पडत होते आणि तो पानवाल्याकडून माचिस मागून परत येत होता.

"लावू नकोस," मी म्हणालो. "टाकी गळतेय. माझ्याच हातून खरडली. मला माहीत होतं."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या साबणाकडे.

"अन् मी भटकत होतो, नाही का?" मग मागं वळून शांतपणे म्हणाला, "आजी, जरा उतरता का? दुसरी गाडी बोलावतो."

ते गेल्यावर म्हणाला, "आईला कोण सांगणार, दादा?"

"मी."

दुपारी सांगितलं. आईनं देवघरातली किल्ली उचलून त्याच्या हातात दिली.

मिस्त्रीनं टाकी उतरवली, रिकामी केली, पण त्याच्याकडे डाख देण्याचं सामान नव्हतं. भावानं ती गंगाजळाच्या लोट्यांची तोंडं डाख देऊन बंद करणाऱ्याकडे नेली. पेट्रोलची वाफ राहू नये म्हणून आम्ही दोघांनी टाकी पुन्हा पुन्हा धुतली, मग भोकाच्या खालपर्यंत पाणी भरलं. कारागीर हसला, "का गुरू, इतना बड़ा लोटा? कौन जजमान ले जाएगा?" भाऊ हसला. मीही हसायला गेलो, तर त्यानं तोंड फिरवलं.

टाकी आता गळत नाही. तरी सकाळी मी आवारात असलो की भाऊ यजमानांसमोर उदबत्ती हातात धरून थांबतो.

"दादा, आधी खाली वाकून वास घे."

मी ऑफिसच्या कपड्यांत गुडघे टेकतो, वास घेतो, "लाव" म्हणतो. मग तो माचिस ओढतो.