गिळलेलं पहिलं अक्षर

बाईंना एका जागी बसणं ठाऊकच नव्हतं. पायाला भिंगरी लावून जन्मलेली, असं त्यांच्या सासूबाई म्हणायच्या. काम मात्र होतं कान देऊन ऐकण्याचं. अडखळत, बोबडं बोलणाऱ्या मुलांना आणि मोठ्यांना त्या बोलायला शिकवत. सकाळी रुग्णालयात, दुपारी घरी कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या कोपऱ्यातून, संगणकावर. ऐकता ऐकता येरझाऱ्या चालायच्या. वायरचा हेडफोन होता तेव्हा एकदा त्यांच्यामागोमाग संगणकही टेबलावरून निघाला, म्हणून धाकट्या नणंदेने बिनतारी हेडफोन आणून दिला. जुन्या संगणकावर फुकटची, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली प्रणाली बसवणारीही तीच. हेडफोनचा माइक चालू केला की समोरच्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा. म्हणून तिने टेबलावर वेगळा माइक ठेवला, आणि हेडफोन नुसता ऐकायला.

"आता कुरकुर नको, वहिनी," ती म्हणाली. बाईंनी कुरकुर केलीही नाही. सगळं सुरळीत चाललं होतं, क्रेनवाला येईपर्यंत.

हा उंच बांधकामांवर क्रेन चालवायचा. चाळिशीचा, शांत माणूस. वरच्या केबिनमधून खालच्यांशी वॉकीटॉकीवर बोलावं लागे. बाकीचे शब्द रखडले तरी निभायचं, पण 'थांबा' वेळेवर निघायलाच हवा. एकदा लोखंडी तुळई हवेत लटकलेली असताना खाली कुणीतरी मध्ये आलं, आणि याच्या तोंडून शब्द फुटेना. भोंगा दाबून वेळ निभावली. पण त्या दिवसापासून त्याची झोप उडाली.

त्याचं अडखळणं आवाजाचं नव्हतं. शब्दाआधी घसा आवळला जायचा, मग नुसती शांतता. त्या शांततेत घाई न करता श्वास सोडत शब्दात उतरायचं, हे बाई त्याला शिकवत होत्या. तो डोळे मिटायचा, थांबायचा, आणि बाईंच्या कानावर यायचं, "...बा."

"सुरुवात गेली. पुन्हा म्हणा," बाई म्हणायच्या.

तो पुन्हा म्हणायचा. पुन्हा "...बा". आठवड्यांमागून आठवडे हेच.

"मॅडम, मला तर वाटलं, नीट आला," एकदा तो म्हणाला.

"वाटतं तसं. आपलं आपल्याला कळत नाही," बाई म्हणाल्या. त्यानंतर त्याने तसं विचारलं नाही. पुढे सरावाची एक वेळ चुकवली, मग दुसरी.

बाईंच्या जिवाला घोर लागला. कुकर लावून गॅस पेटवायला विसरल्या. नवऱ्याने चहा मागितला तर त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला. डोक्यात एकच किडा वळवळत होता. त्याचे ओठ पडद्यावर नीट उघडताना दिसायचे, जीभ दातांना टेकलेली दिसायची. मग आवाज का येत नव्हता? कान तर जात नाहीत ना आपले? ज्या कानांवर आजवर भाकरी खाल्ली, तेच? रुग्णालयातल्या मैत्रिणीकडून त्यांनी गुपचूप कान तपासून घेतले.

"तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत," मैत्रीण म्हणाली. "डोक्याला विश्रांती दे."

विश्रांती कसली. घरी येऊन बाईंनी क्रेनवाल्याच्या सरावाचं रेकॉर्डिंग लावलं. हेडफोन चार्जिंगला लावलेला होता, म्हणून आवाज संगणकाच्या स्पीकरमधून आला. लांब शांतता, आणि मग स्वच्छ, गोल, अखंड शब्द: "थांबा."

बाई उभ्याच राहिल्या. हेडफोन घातला, तेच रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. "...बा."

त्यांनी ताबडतोब नणंदेला बोलावून घेतलं. ती आली ती चपला दारातच भिरकावून. आधी तिने जोडणी मोडून नव्याने केली. मग ड्रायव्हर, म्हणजे संगणक आणि हेडफोन यांच्यामधला दुभाषा, नवा घातला. काही फरक पडेना. बाई मागे फेऱ्या मारत होत्या.

"वहिनी, जरा बस ना. मला गरगरतंय."

"मुलांशी बोलताना का नाही होत हे?" बाई न बसता म्हणाल्या. "ती सतत बडबडतात म्हणून का?"

नणंदेची बोटं थांबली. ती या प्रणालीच्या वापरकर्त्यांच्या चर्चा चाळायला लागली. तिथे कुणा अनोळखी माणसाने अगदी हेच गाऱ्हाणं मांडलं होतं. संपूर्ण शांतता पसरली की काही हेडफोन बॅटरी वाचवायला डुलकी घेतात. आवाज आला की जागे होतात, पण तोवर पहिलं अक्षर निसटून जातं. क्रेनवाल्याच्या बाजूला तर आसपासचा गोंगाट गाळणारी सोय चालू होती. त्यामुळे तो थांबला की पलीकडे कडेकोट शांतता. दुसऱ्या कुणीतरी खाली उपाय लिहिला होता. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालायची, म्हणजे ड्रायव्हर शांततेतही ऐकू न येईल इतकी बारीक खरखर पाठवत राहतो. हेडफोन डोळा मिटत नाही.

ओळ घातली. बाईंनी रेकॉर्डिंग लावलं. "थांबा."

नणंद हसली. बाईंना हसू आलं नाही. त्यांनी तडक क्रेनवाल्याला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "म्हणजे मी बरोबर म्हणत होतो?"

"हो. बऱ्याचदा. मी सुरुवात गेली म्हणाले, ती गेलेली नव्हती."

"मी क्रेन सोडली, मॅडम. गेल्या आठवड्यात. गोदामात बसतोय."

"माझं चुकलं," एवढंच बाई म्हणाल्या. त्याने फोन ठेवला. त्यानंतर बाईंनी स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून पुसले, पुन्हा लावले, आणि पुन्हा काढले. नवऱ्याने टीव्हीचा आवाज आपणहून कमी केला.

ठरलेल्या दिवशी तो येईल असं बाईंना वाटलं नव्हतं. तो पडद्यावर आला. मागे गोदामातल्या पोत्यांची रास दिसत होती.

"मुकादमाशी बोललो," तो म्हणाला. "परत वर चढायचंय म्हटलं. तो म्हणाला, आधी खालून वॉकीटॉकीवर बोलून दाखव. पंधरवडाभर बघतो, मग ठरवतो."

"राग आहे का माझ्यावर?"

"आहे थोडा," तो म्हणाला. "पण तुम्ही लगेच फोन केलात. दुसऱ्या कुणी केला नसता."

मग त्याने मुकादमाशी झालेलं बोलणं सांगायला घेतलं. मध्येच 'खाली' या शब्दापाशी घसा आवळला. शांतता झाली, आणि "ख... ख... खाली" असं तुटक आलं. खरंखुरं अडखळणं, पहिल्या 'ख'पासून. बाईंनी खुर्ची ओढली आणि तिच्या अगदी कडेवर टेकल्या.

"हा शब्द आपण धरू," त्या म्हणाल्या. "श्वास सोडा आधी."