वाडी कुठली तुझी?

साहेबांचा हात माझ्या खांद्यावर होता. समोर कॅमेरा. साहेब हसत होते, मीही हसत होतो.

"रत्नागिरीचा ना तू? गाव कुठलं?"

मी गाव सांगितलं.

"अरे, माझं आजोळ तिकडचंच! वाडी कुठली तुझी?"

"बौद्धवाडी."

हात उचलला गेला. झटकला नाही. नुसता उचलला आणि कोटाच्या खिशात गेला. हसू तसंच राहिलं. कॅमेरा चालू होता ना.

मस्कतजवळ बौशरच्या शोरूममध्ये नव्या गाड्या धुऊन, पुसून, चकाचक करून गिऱ्हाइकापुढं उभ्या करायचं माझं काम. ज्या कंपनीच्या त्या गाड्या, तिचे हे मोठे साहेब. कारखान्यात हेल्पर म्हणून लागले, बुडायला आलेली कंपनी वर काढली. आता जगभर त्यांची भाषणं ऐकतात. "मी कामगाराचा पोर. ज्या देशात जातो, तिथं कामगारांच्या ताटात जेवतो." हे वाक्य मला पाठ होतं. आयटीआयला असताना मोबाइलवर ऐकायचो. त्यांच्या नादानंच या लायनीत आलो. बापाला सांगायचो, हा आपला माणूस.

त्या दिवशीचं जेवण त्याच वाक्याच्या फोटोसाठी होतं. खाली चटई. मधोमध भात-मटणाची मोठी थाळी, इथल्या रीतीनं सगळ्यांनी एकत्र हात घालायचा. माझी जागा साहेबांच्या शेजारी. मराठी म्हणून. घरी फोन करकरून सांगितलं होतं.

बसायला वाकलो, तेवढ्यात साहेब त्यांच्या सेक्रेटरीला म्हणाले. मराठीतच. मला ऐकू येईल याचीही फिकीर नव्हती.

"याला दुसऱ्या थाळीवर बसवा."

शोरूमचा मॅनेजर आला. "तू उधर बैठ."

"क्यों?"

"यल्ला, चल, बहस मत कर. फोटो लेना है."

खरं सांगतो, मी निघालोही. मुकाट. आजा लोकांच्या लग्नात अंगणाच्या कडेला जेवला, बाप देवळाबाहेर उभा राहिला, ते ऐकत वाढलो. आणि इथं मस्कतमध्ये मी तसाच, मान खाली घालून चाललो होतो. माझी मला किळस आली. वळलो. हिंदीत बोललो, सगळ्यांना कळावं म्हणून.

"साहब ने मेरी वाडी पूछी. जात समझी. इसलिए मुझे यहाँ से उठाया."

सलीम, आमचा ओमानी ड्रायव्हर, त्याला जात म्हणजे काय ते उमगलं नाही. तो सरकला, जागा करून दिली. "तआल, कुल." ये, जेव. पण त्या थाळीत साहेबांचा हात होता. मला घास गिळवला नसता. "याचा काहीतरी गैरसमज झालाय," साहेब इंग्रजीत म्हणाले आणि जेवू लागले. फ्लॅश उडत राहिले. मी बाहेर आलो.

संध्याकाळी मॅनेजरनं बोलावलं. "खलास. वीज़ा कैंसल." मग आवाज उतरवून म्हणाला, "एक रास्ता है. वीडियो बना. बोल, मैंने गलत सुना, साहब देवता आदमी हैं. नौकरी बच जाएगी."

तेव्हापासून हमरिया भागातल्या माझ्या खोलीत पडून आहे. बायको फोनवर रडते. "अवो, बोला ना तसं. चार शब्दांनी जीभ झिजते काय? पोरीची शाळा हाय, आईंची औषधं हायत."

खोटं काय बोलते ती? गावात काम नाही. इथं दुसरं कोण घेणार? काल फोन भिंतीला टेकवून समोर बसलोसुद्धा. "मैंने गलत" एवढं म्हटलं. पुढचा शब्द निघेना. मोरीत जाऊन ओकलो.

आज बायकोला सांगितलं, "तू म्हणशील ती मजुरी करीन. हे नाही करणार."

तिनं फोन ठेवला. परत उचलला नाही.

मग मॅनेजरला मेसेज टाकला. तिकीट काढा. मी बरोबर ऐकलं होतं. विचारील त्याला सांगेन, न विचारील त्यालाही सांगेन.