मनोऱ्याखालचे चाचा

रविवार, सकाळी सात. मंडईच्या मनोऱ्यापाशी हजर: आमच्या फोटो मंडळाचे जोशी, सुनीता, मी, आणि मनोऱ्याखाली रोज किल्ल्या बनवणारे इस्माईलचाचा.

जोशींनी त्यांना मंडळाची दिनदर्शिका दिली. चाचांनी चष्मा लावून मनोऱ्याचं पान दोनदा निरखलं आणि मला विचारलं, "ताई, तुम्ही मला हसायला लावलंत, मग मी कुठाय? घरी सगळ्यांना सांगून बसलोय!"

"चाचा, फोटो जरा साफ केला," जोशी म्हणाले.

साफ! माणूस म्हणजे काय डाग? चाचा पुसले, त्यांची छत्री पुसली, हातगाड्या पुसल्या. उरलेला मनोरा कुठल्याही गावचा वाटतो. जास्त राग मला माझाच आला, कारण पानं तपासून 'छान' असा शेरा मीच मारला होता.

मूळ फोटो छापायला टाकला. चाचांची माफी मागायची अजून राहिली आहे.