कप अडकलाय: कोल्हापूर ते नेसरी, बारा तासांच्या आत

नेसरीला जायचं ठरलं तेव्हाच मी ठरवलं होतं की या वेळी सोबत पॅड न्यायचे नाहीत. कारण लाजिरवाणं आहे, पण सांगते. गेल्या वर्षी शालन मावशीकडे, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीकडे, राहायला गेले होते. वापरलेला पॅड कुठे टाकायचा ते कळेना, म्हणून कागदात गुंडाळून गोठ्यामागच्या उकिरड्यात खोल खुपसला. सकाळी मावशीचे यजमान, म्हणजे आमचे तात्या, अंगणात चहा पीत बसले होते आणि कुत्र्याने तो उकरून थेट त्यांच्या पायापाशी आणून टाकला. तात्या कप खाली ठेवून उठून गेले. मावशीने झाडू घेतला. मी कुणाला न सांगता दुपारच्या गाडीने पळ काढला.

त्यानंतर वर्षभर मी तिकडे फिरकले नाही. फोन आला की काहीतरी कारण सांगायचं. शेवटी मेन्स्ट्रुअल कप मागवला. सिलिकॉनचा, मऊ, घडी घालून आत बसवायचा, काही तासांनी काढून रिकामा करायचा आणि धुऊन पुन्हा वापरायचा. टाकायचं काही नाही, आणि एसटीत बसून मांड्या सोलवटून घेणंही नाही. दोन महिने घरी सराव केला. काढताना जरा झटापट व्हायची, पण घरी न्हाणीचं दार माझं आणि वेळही माझा. काढताना धरायचं खालचं देठ टोचत होतं म्हणून कात्रीने कापून टाकलं. तेव्हा स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं.

शनिवारी सकाळी सहाला कप बसवला. बारा तासांच्या आत काढायचा असं पाकिटावर लिहिलेलं, म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत मोकळीक. सव्वासातला कोल्हापूरच्या स्टँडवरून गडहिंग्लजची गाडी मिळाली. कागल, निपाणी, संकेश्वर असा रस्ता आहे, दोन-सव्वादोन तास धरा. मध्ये कर्नाटकाचा पट्टा येतो, त्यामुळे बायकांच्या अर्ध्या तिकिटाचं नेमकं काय ते कंडक्टरलाच विचारा. डाव्या बाजूला बसा, सकाळचं ऊन मात्र झेलावं लागेल.

शेजारी संकेश्वरला उतरणाऱ्या एक बाई होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत कोंबडी.

"पावणं कुठलं?" त्यांनी विचारलं.

"कोल्हापूरची. नेसरीला मावशीकडे निघालेय."

"मावशीकडं व्हय? मग दोन दिसांत परत येऊ नगंस. चांगली आठ दिस ऱ्हा की."

संकेश्वरजवळ मिरचीचा हंगाम चालू होता. वखारींपाशी गाडी थांबली आणि अख्खी गाडी शिंकायला लागली. मी प्रत्येक शिंकेला श्वास रोखून आत काय होतंय याचा अंदाज घेत होते. काही झालं नाही. गडहिंग्लजला उतरले आणि पहिल्यांदाच शौचालय न शोधता सरळ कटवड्याच्या गाड्यावर गेले. झणझणीत कट, वर कांदा, आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

गडहिंग्लजहून नेसरीच्या गाड्या मिळतात, पण वेळा विचारून घ्या. एक चुकली तर वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप, आहेच. अकराच्या सुमाराला मावशीच्या दारात होते. ती ऊस तोडलेल्या रानातून डोक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा घेऊन येत होती. भारा टाकून तिने माझे दोन्ही गाल धरले. "वरीस झालं की गं. इसारलीस व्हय आमाला?"

दुपारी तीनला मी खिंडीतलं सात वीरांचं स्मारक बघून आले. गावापासून जवळच आहे, पण पाणी सोबत न्या, सावली बेताची. सात जण एका फौजेवर तुटून पडले ती जागा. मी तिथे उभी राहून मोबाइलमध्ये वेळ बघत होते. परत आल्यावर निवांत कप काढू, धुऊन परत बसवू, कुणाला पत्ताही लागणार नाही, असा बेत होता.

साडेचारला मी परसातल्या संडासात शिरले. पत्र्याचं दार, आत बादली, आणि हाताच्या अंतरावर गोठा. बसले, हात घातला, आणि देठ सापडेना. कापलेलं देठ कुठून सापडणार? कसंबसं टोक चिमटीत आलं. ओढलं. आत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुन्हा ओढलं. निसटलं आणि उलट वर सरकलं.

पहिल्यांदा वाटलं, जमेल. मग बाहेर तात्यांचा खोकला ऐकू आला आणि माझं अंग आणखी आवळलं. पाच वाजले. गोठ्यात दूध काढायचं मशीन सुरू झालं, धकधक धकधक. सहाला डेअरीत दूध घालायचं, म्हणून त्यांची गडबड, आणि इकडे सहाच्या आत माझी. मी घामाने निथळत होते. हा निघालाच नाही तर गडहिंग्लजला दवाखान्यात जावं लागणार, तात्यांना गाडी काढायला सांगावं लागणार, आणि कशासाठी ते सांगावं लागणार. परत त्याच अंगणात, त्याच माणसासमोर. मला खरोखर रडू यायला लागलं.

"काय गं, पोटात बरं न्हाय व्हय?" दाराबाहेर मावशी. "कवाधरनं आत हाईस."

माझा धीर सुटला. "मावशी, कप अडकलाय. निघेना."

मग मावशी गोठ्याकडे धावत सुटली. "अवं, मशीन बंद करा! कप अडकलाय!"

धकधक थांबली. तात्यांचा आवाज आला, "कंच्या गाईचा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दूध काढायच्या मशीनला चार नळकांडी असतात, गाईच्या सडांना लावायची. त्यांनाही कपच म्हणतात. मी आत उकिडवी बसून ऐकत होते आणि बाहेर नवरा-बायको एकेका गाईची कास तपासत होते. घरची वासरं हंबरत होती. दूध निम्म्यात थांबलं होतं, आणि ते माझ्यामुळे.

मावशी धापा टाकत परत आली. "समदं नीट हाय की. कुठला कप म्हंतीस?"

मी दाराला तोंड लावून हळू आवाजात सांगितलं. कसला कप, कुठे, का. गेल्या वर्षीचं कुत्रं मनात होतं म्हणून, तेही सांगून टाकलं.

"अवं," मावशी गोठ्याकडे वळून ओरडली, "तुमी हुंद्या पुढं, चालू करा मशीन. आन वैरणीला जावा मागनं, हिकडं यायचं काम न्हाय." मग दाराशी येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "ओढलास?"

"ओढला."

"हितंच चुकलीस. त्येनं हवा धरल्या. आमच्या मशीनचा कप बी असाच हाय. हवा न सोडता ओढला की सड सुजतंय, गाय लाथ मारत्या. आदी हवा सोडायची, मग आपसूक हातात येतोय. तुज्या कपाला हवा सोडायला जागा हाय का?"

"बुड दाबायचं असतं," मी म्हणाले. सूचना मी चार वेळा वाचल्या होत्या, पण घाबरून नुसती ओढत सुटले होते. "नाहीतर कडेने बोट घालायचं."

"मग दाब की. आन दात आवळू नगंस. भ्यालेली गाय दूध चढवून घेत्या, तसं चाललंय तुजं. मी हितं उभारतो, कोन येत न्हाय. आईचं गुडघं कसं हायती सांग."

मी आईच्या गुडघ्यांबद्दल सांगायला लागले. जिना चढताना दुखतात, तेल लावते, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय पण ऐकत नाही. बोलता बोलता खाली जोर दिला, तसा कप थोडा खाली आला. बुड चिमटीत दाबलं, कडेने बोट सरकवलं. हलकासा आवाज झाला आणि तो हातात आला. साडेपाच वाजले होते.

"निघाला," मी म्हणाले आणि हमसून रडले.

"रड आता निवांत," मावशी म्हणाली. "पानी तापवून आनतो."

तुमच्यापैकी कुणी कप घेऊन पहिल्या प्रवासाला निघणार असाल तर एवढं ऐका: देठ कापू नका, ओढू नका, आणि अजिबात निघाला नाही तर डॉक्टरकडे जायला लाजू नका. बाटलीभर स्वच्छ पाणी सोबत असू द्या. घरी तीन-चार महिने काढल्याशिवाय प्रवासात प्रयोग नको. मी शहाणपणा केला, तो पुरे आहे.

दिवेलागणीला मावशीने धुतलेला कप मागून घेतला, बोटांनी दाबून बघितला. "मऊ हाय की रबर. आमच्या मशीनचं एवढं बरं नसतंय." मग ती चुलीपुढे बसून म्हणाली, "कुत्र्यानं केलं त्याचं मला काय न्हाय गं. झाडलं, झालं. पर तू न सांगता गेलीस, आन वरीसभर आली न्हाईस. माजंच काय चुकलं म्हनून मी घोकत बसलो."

मी तिचा हात धरला. वर्षभर मला माझीच लाज दिसत होती, तिचं वाट बघणं नाही. तिला सॉरी म्हणाले, आणि हा शब्द किती तोकडा आहे ते तेव्हा कळलं.

ती अजून पाळीला जुन्या लुगड्याच्या घड्या वापरते. धुते आणि गोठ्यात वैरणीच्या गंजीमागे, अंधारात वाळत घालते. ओलसर राहतात, खाज सुटते, पण हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, कापड काही वाईट नाही, कचराही होत नाही, फक्त कडक उन्हात वाळव. ती हसली. "उनात? अंगनात? तात्या बसत्यात तितं."

रविवारी सकाळी नाचणीची आंबील पिऊन, पिशवीत गूळ आणि मिरच्या घेऊन निघाले. येतानाचा रस्ता तोच, गर्दी मात्र जास्त, गडहिंग्लजला जागा धरायला लवकर चढा. कोल्हापूरला पोचेपर्यंत दुपार झाली. घरी येऊन कप उकळला, डबीत ठेवला. कप मी आजही वापरते, आणि आता तो काढायला दोन मिनिटं लागतात. पण त्या प्रवासातून काय मिळालं असं कुणी विचारलं तर मी मावशीचं नाव आधी घेईन, कपाचं नंतर.

महिनाभराने मावशीचा फोन आला. गाय व्यायली, पाडी झाली, हे सांगून झालं. मग म्हणाली, "आन त्ये... घातलं बघ मी अंगनात. दोरीवर."

"तात्या?"

"इचारलं की, काय गं ह्ये. म्हटलं, माजं हाय, वाळू द्या."

"मग काय म्हणाले?"

"म्हंत्यात काय. वाऱ्यानं एक खाली पडलं हुतं. उचलून झटाकलं, परत दोरीवर घातलं, चिमटा लावला आन गेलं डेअरीला."