चष्मा पुसून लिहिलेली नोंद

कर्वेनगरच्या रविवारच्या क्लासमध्ये आम्ही सहा जण मिळून एकच सॉफ्टवेअर लिहायला शिकत होतो. कोडमधल्या प्रत्येक बदलासोबत गिट या बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीत नोंद लिहायची, म्हणजे चुकलं तर मागे जाता येतं. आम्ही नुसतं 'फिक्स' लिहायचो. माझ्या शेजारचे निवृत्त हेडक्लार्क मात्र चष्मा पुसून पूर्ण वाक्य लिहीत: 'गेल्या रविवारी लॉगिनमध्ये घाई केली, आज दुरुस्त केले.'

एकदा माझ्या हातून सगळ्यांचं काम उडालं. मला रडूच फुटलं. त्यांनी नोंदींची यादी उघडली.

"फिक्स, फिक्स, फिक्स... अहो, हा इतिहास आहे की जप?"

मग स्वतःच्या ताज्या नोंदीवरून त्यांनी सगळं परत आणलं आणि चष्मा पुसून लिहिलं: 'शेजारच्या बाईंनी सर्व उडवले. परत आणले. बाई आता हसत आहेत.'